मेच्या सुट्टीत श्रीलंका: सर्फिंगसाठी दक्षिण किनारा की पूर्व?

सायली_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

लेकीची दहावी संपली की मेमध्ये आम्ही तिघं श्रीलंकेला जायचं म्हणतोय. लेकीच्या डोक्यात सर्फिंगचं खूळ शिरलंय आणि खरं सांगायचं तर थोडं माझ्याही. टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम असा: कोलंबो, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, गॉल, परत कोलंबो. सर्फिंगचं विचारलं तर म्हणे, "शेवटच्या दुपारी वेलिगामाला थांबू की. तासाभरात होऊन जातं." हे तासाभरात होऊन जाणारं प्रकरण मला तरी वाटत नाही.

इथे कोणी शिकलंय का? मेमध्ये समुद्र कसा असतो? मला पोहता येतं, पण तलावापुरतं. शिवाय मी चष्मिष्ट, नवरा शुद्ध शाकाहारी. टूर घ्यावी की आपापलं जावं, तेही सांगा. जुने धागे चाळले, सगळे सीतामाईच्या अशोकवाटिकेवर आहेत.

पावशेर

आमच्या वेळी दहावी झाली की मामाच्या गावी आंबे उतरवायला पाठवायचे. चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लाटांकित

सायली, आधी कॅलेंडर काढा, नकाशा नंतर. श्रीलंकेत सर्फिंगला किनारा महिन्यावरून निवडतात. बाकी सगळं त्यामागून.

या बेटाला दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे, आपल्याकडे येतात तेच, आणि ते थेट दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर आदळतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून वारे, तेव्हा पूर्व किनारा भिजतो. आता लाट कशी बनते ते बघा. इथे फुटणारी लाट जवळपास तयार झालेली नसते. खाली दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांत ती जन्मते आणि हजारो किलोमीटर चालत येते. श्रीलंकेचं दक्षिण टोक म्हणजे डोंड्रा. तिथून सरळ दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन नाही, त्यामुळे लाटेला कोणी अडवत नाही. लाटा वर्षभर येतात, उलट मे ते सप्टेंबर जास्तच जोरात येतात. घोटाळा वाऱ्याचा असतो. वारा समुद्रावरून जमिनीकडे सुटला की लाटेचा चेहरा विस्कटतो, ती कुठेही कशीही फुटते, पाणी गढूळ होतं. जमिनीवरून समुद्राकडे वारा असला की तोच वारा लाटेला थोपवून धरतो आणि ती एका बाजूने नीट उलगडत जाते.

म्हणून नोव्हेंबरअखेर ते एप्रिल दक्षिण किनारा: हिक्कडुवा, अहंगामा, मिडिगामा, वेलिगामा, मिरिसा, हिरिकेटिया. मे ते सप्टेंबर पूर्वेला अरुगम बे. तिथे तोच नैर्ऋत्येचा वारा सगळं बेट ओलांडून येतो आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहतो.

आपल्या शाळांच्या सुट्ट्यांचं आणि दक्षिण किनाऱ्याचं मात्र जन्मात जमत नाही. मेमध्ये पावसाळा तोंडावर. दिवाळीच्या सुट्टीत दोन पावसाळ्यांच्या मधला काळ, धो धो पाऊस आणि वादळांची भीती. जमतो तो फक्त नाताळ. मेच ठरला असेल तर माझं मत पूर्व किनारा. टूरवाल्याच्या शेवटच्या दुपारचं काय होईल ते तुम्हीच ओळखा.

सुरंगीचा_गजरा

फारच कामाचा प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

कोलंबोत_मुक्काम

इथे नोकरीनिमित्त राहतो, म्हणून थोडी भर. लाटांकित म्हणतात ते बरोबर, पण वेलिगामा अगदीच बंद नसतं. खाडी अर्धचंद्रासारखी आत वळलेली, तळाला वाळू, आणि शिकवणारे वर्षभर बसलेले असतात. मेच्या सुरुवातीला सकाळी वारा पडलेला असला तर फेसाळ पाण्यात नवशिक्याचं काम भागतं. महिनाअखेरीस पावसाळा लागला की मात्र तीन-तीन दिवस खोलीत पत्ते कुटायची तयारी ठेवा. बेंटोटाला त्या दिवसांत समुद्रात उतरायचं नावही काढू नका, लाल बावटे लावतात ते उगाच नाही.

जाता जाता, मेमध्ये मिरिसाला देवमासे दाखवायच्या बोटीही बहुतेक बंद होतात. कोणी निळा देवमासा दाखवतो म्हणून आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. तो मोसम नोव्हेंबर ते एप्रिलचा.

गुहागरी_वारा

एक बाळबोध शंका. समुद्र आपल्याकडेही आहे, ७२० किलोमीटर. मग लंकेला कशाला जायचं? गुहागरला काय कमी लाटा आहेत?

लाटांकित

बाळबोध अजिबात नाही. हिवाळ्या-उन्हाळ्यात कोकणचा समुद्र तळ्यासारखा शांत, आणि पावसाळ्यात नुसती खळबळ, मासेमारीसुद्धा बंद. मधलं, नीट रांगेत येणारं काही नाही. आपल्या किनाऱ्यासमोर उथळ समुद्रतळ फार लांबवर पसरलाय. मुंबईसमोर तर शेकडो किलोमीटर. लांबून आलेल्या लाटेची ताकद त्या उथळ तळाला घासतच बरीचशी संपते. श्रीलंकेला हा उथळ पट्टा अरुंद आहे. खोल समुद्र किनाऱ्याच्या पुष्कळ जवळ येतो, देवमासेही म्हणूनच इतक्या जवळ दिसतात.

दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. कोकणात पाणी दोन-तीन मीटर वर-खाली होतं, मुंबईला उधाणाला त्याहून जास्त. सकाळी जिथे लाट फुटते तिथे दुपारी कोरडी वाळू. श्रीलंकेत हा फरक मीटरभरही नसतो. एकदा जागा कळली की दिवसभर तीच. शिकणाऱ्याला याचा किती फायदा होतो ते पाण्यात उतरल्यावर कळतं.

गुहागरी_वारा

पटलं. गुहागरचा झेंडा तेवढा खाली घेत नाही.

मुल्कीवाला

लंकेच्या आधी मंगळुरूजवळचं मुल्की का नाही? शांभवी नदीच्या मुखाशी मंत्रा सर्फ क्लब आहे, आपल्या देशात हा खेळ रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा. चेन्नईजवळच्या कोवळमला कोळ्यांची पोरं आता राष्ट्रीय स्पर्धा गाजवतात. गोव्यात मोरजी-आश्वेला शिकवणारे आहेत. पासपोर्ट नको, डॉलर नको. पाण्यात कमरेवर मार खायचा तो इथेही खाता येतो. टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे, आपल्या पोरांनी आपल्या पाण्यात शिकावं असं मला वाटतं.

सायली_डोंबिवली

मुल्कीवाला, सूचना आवडली, पण मेमध्ये तिथे काय परिस्थिती असते?

मुल्कीवाला

मेच्या शेवटापर्यंत ठीक, मग पावसाळा. वर्गांना सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर जास्त मजा. अर्थात लंका बघायचीच असेल तर माझा आग्रह नाही.

झोपाळू_काका

इतके पैसे घालून आपटायला जायचं हे काही माझ्या पचनी पडत नाही. बेंटोटाला पूल असलेलं हॉटेल घ्या, नारळपाणी प्या, झोपा. (हलकेच घ्या.)

सुरंगीचा_गजरा

काका, तुम्ही झोपा, त्यांना आपटू द्या. :)

सायली, चष्म्याचं आणि कपड्यांचं मी सांगते. चष्मा घालून उतरायचं नाही, पहिल्याच लाटेत जातो. लेन्सही डोळे उघडे ठेवून पडलं की वाहून जातात, शिवाय त्या पाण्यात डोळ्यांना बऱ्या नाहीत. लाट कुठून येतेय हे धूसर दिसलं तरी पुरतं, शिकवणारा मागून ओरडून सांगतोच. कपडे: पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पाण्यातला टी-शर्ट, आणि पोटरीपर्यंत घट्ट लेगिंग. पाणी वर्षभर कोमट, त्यामुळे जाड वेटसूट नको. रॅश गार्ड फॅशनसाठी नसतो. बोर्डवर पोटावर सरपटून बरगड्या आणि गुडघे असे सोलवटतात की रात्री कुशीवर झोपवत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या खोलीवर. आणि सकाळी केसांना, हातापायाला खोबरेल चोपडायची सवय असेल तर त्या दिवशी अजिबात नाही! तेल बोर्डवर उतरतं आणि उभं राहताना पाय असा सटकतो की विचारू नका. सनस्क्रीनही तोंडाला भरपूर, पोटाला आणि तळव्यांना नाही.

सायली_डोंबिवली

खोबरेल! हे कोणी सांगितलंच नसतं. धन्यवाद गं.

एक सांगा, पहिल्या दिवशी नक्की काय करायला लावतात?

लाटांकित

पहिला अर्धा तास वाळूतच. वाळूवर बोर्डची आकृती काढतात आणि त्यावर पालथं झोपवतात. तळवे छातीशी, नजर पुढे, पायाची बोटं शेपटाकडे. मग एका झटक्यात छाती उचलायची, मागचा पाय आडवा, पुढचा पाय दोन हातांच्या मध्ये, गुडघे वाकलेले. याला पॉप-अप म्हणतात. ज्यांना सूर्यनमस्कार येतात त्यांचं अर्धं काम झालेलं असतं. बाकीचे आधी गुडघ्यावर येतात आणि तिथेच अडकतात.

मग कमरेएवढ्या पाण्यात. बोर्ड आठ-नऊ फुटी, मऊ फोमचा. लहान, कडक, देखणा बोर्ड कोणी हातात दिला तर घेऊ नका, तो शिकलेल्यांसाठी. घोट्याला दोरी, मागच्या पायाला. शिकवणारा बोर्डची शेपटी धरून उभा राहतो, लाट आली की ढकलतो आणि "पॅडल, पॅडल, अप!" करून ओरडतो. सुरुवातीला सगळा खेळ फुटून गेलेल्या पांढऱ्या फेसातच. न फुटलेल्या हिरव्या लाटेवर जायला काही दिवस जातात. वजन पुढे गेलं की बोर्डचं नाक पाण्यात घुसतं आणि तुम्ही त्याच्यावरून पुढे. मागे राहिलं की लाट खालून निघून जाते आणि तुम्ही तिथेच. हे दोन्ही शेकड्यांनी होतं. मग कधीतरी एकदा बोर्ड आपोआप पुढे सरकतोय असं जाणवतं, पायाखाली सर्रकन आवाज येतो, आणि त्या चार सेकंदांसाठी माणूस पुढची सगळी सुट्टी तिथेच घालवतो.

तीन गोष्टी मात्र लेकीला बजावून ठेवा. पडायचं ते आडवं, पसरट, सूर मारून नाही, कारण तळ जवळ असतो. वर येताना दोन्ही हात डोक्यावर, बोर्ड कुठे आहे माहीत नसतं. आणि बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरायचा नाही, कायम बाजूला. नाहीतर लाट तोच बोर्ड आणून तोंडावर मारते. समोरचे दात जातात ते असे.

म्हणूनच शेवटच्या दुपारचा तास कामाचा नाही. दुपारी बहुधा वारा सुटलेला असतो. शिकायचं तर रोज सकाळी दीड-दोन तास, सलग काही दिवस, एकाच खाडीत. सिगिरियाही हवं, चहाचे मळेही हवेत आणि सर्फिंगही, असं होत नाही.

पावशेर

म्हणजे सात दिवसांत सोळा ठिकाणं करून दाखवणाऱ्या आपल्या राष्ट्रीय खेळाचं काय? निषेध.

कोलंबोत_मुक्काम

पावशेरांची टीका मनावर घेऊन एक मधला रस्ता सुचवतो. विमानतळ कटुनायकेला. तिथून कँडी, मग कँडीहून रेल्वेने एल्ला. डोंगरातली ही गाडी चुकवू नका, पण ती चालू आहे ना ते निघण्याआधी बघा. दरडी कोसळल्या की हा मार्ग बंद पडतो. एल्लाहून मोनरागलामार्गे अरुगम बे गाडीने साधारण तीन तास. मग उरलेले सगळे दिवस तिथेच तळ ठोकायचा. सिगिरिया आणि बेंटोटा सोडून द्या. परतीला एक दिवस प्रवासात जाणार, अरुगम बे ते विमानतळ सात-आठ तास लागतात, तो आधीच धरून ठेवा.

अरुगम बेमध्ये मेन पॉइंटच्या नादी लागू नका. तिथे लाट भूशिराला वळसा घालून येते आणि खडकावर फुटते, खाली सी-अर्चिन नावाच्या समुद्री प्राण्यांचे काटे. जाणत्यांची जागा. शिकणाऱ्यांसाठी त्याच खाडीत आतल्या बाजूला बेबी पॉइंट. थोडा हात बसला की उत्तरेला व्हिस्की पॉइंट, दक्षिणेला पीनट फार्म. टुकटुकच्या टपावर बोर्ड बांधायला स्टँड लावलेले असतात, पहाटे पाचलाच सगळे निघतात. मेमध्ये मोसम नुकताच सुरू होत असतो. लाटा लहान, गर्दी कमी, खोल्या स्वस्त. तुमच्यासाठी उलट बरंच. ऑगस्टमध्ये त्याच लाटेवर पन्नास जण असतात.

पानामाच्या रस्त्यावर संध्याकाळी हत्ती येतात. टुकटुकवाला थांबला तर उतरून सेल्फी काढायला जाऊ नका.

निशिगंध७९

लेक आहे म्हणून मुद्दाम लिहिते. अरुगम बेला २०१८ मध्ये तिथल्या मुलींनी-बायकांनी अरुगम बे गर्ल्स सर्फ क्लब काढला, श्रीलंकेतला मुलींचा पहिला. त्याआधी तिथे लाटेवर एकतर परदेशी लोक नाहीतर स्थानिक पोरं. बायका किनाऱ्यावर, घरात. विरोधही झाला: ऊन लागून काळ्या व्हाल, हे पुरुषांचं काम, वगैरे, आपल्याला पाठ असलेलीच वाक्यं. शिकवायला बाई असेल का हे तिथे गेल्यावर जरूर विचारा. माझ्या भाचीला बाई शिकवत होती तर ती दुप्पट मोकळी झाली.

आणि गाव मुस्लिम-तमिळ-सिंहली असं मिश्र आहे. बीचवर काय घालता ते बीचवर. पोट्टुविल बाजारात जाताना अंगावर ओढणी-कुर्ता असू द्या. कोणी काही बोलत नाही, पण बरं दिसतं.

नाखवा_अलिबाग

पाण्याच्या ओढीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. किनाऱ्यावर उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघायचं. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्ये एक पट्टा गुळगुळीत, गडद, शांत दिसतोय? नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. तीच ओढीची जागा. फुटलेल्या लाटांचं पाणी तिथून परत समुद्रात जातं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दमून माणूस जातो. किनाऱ्याला समांतर पोहायचं, पट्टा अरुंद असतो, बाहेर पडता येतं. पोहता येत नसेल तर बोर्ड सोडायचा नाही, तोच तुमचा तराफा. हे आपल्याकडे गणपतीपुळ्यालाही तितकंच लागू आहे, पण सांगून ऐकतो कोण.

सायली_डोंबिवली

नाखवा, लेकीला वाचून दाखवलं. नवऱ्यालाही.

आता जेवणाचं बोला कोणीतरी. नवरा म्हणतोय मी मेथीचे ठेपले घेऊन येतो. :(

सुरंगीचा_गजरा

अगं, ठेपले कशाला? भात आणि नारळ यावर सगळा देश चालतो. साध्या खानावळीत राइस अँड करी मागायचं. भाताभोवती चार-पाच वाट्या येतात: परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसुरीची डाळ, वांग्याचा मोजू, बीट, फरसबी, आणि नशीब असेल तर पोलोस, कोवळ्या फणसाची भाजी. कोकणातल्या माणसाने पोलोस खाऊन मला सांगावं. सकाळी अप्पम, शेवयांसारखे इडिअप्पम, पोल रोटी.

खुबी एकच आहे. पोल सांबोल म्हणून ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी येते, निरागस दिसते, तिच्यात बऱ्याचदा उंबलकड असते, म्हणजे वाळवलेल्या माशाचा कूट. शाकाहारी माणसाने प्रत्येक ठिकाणी विचारायचं. "मस, माळु एपा" म्हटलं की मांस-मासे नको हे कळतं. पूर्वेकडे तमिळ खानावळी आहेत, तिथे डोसा-वडा मिळतो.

गोडात म्हशीचं दही, मातीच्या मडक्यातलं, त्यावर कितुल माडाची काकवी. नवऱ्याला हे द्या, ठेपले आपोआप परत येतील.

गुहागरी_वारा

मासे खाणाऱ्यांसाठी कोणी बोलणार की नाही? अंबुल थियल! दक्षिणेकडचा प्रकार, ट्यूनाचे चौकोनी तुकडे काळ्या मसाल्यात सुके करतात, दिवस-दिवस टिकतात. आंबटपणा गोरकाचा. गोरका म्हणजे आपल्या आमसुलाच्या झाडाचा सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला. पहिला घास घेतला आणि आजीच्या चुलीपाशी गेलो.

झोपाळू_काका

आता धागा रुळावर आला.

इतिहासाचं_भूत

अवांतर, पण राहवत नाही. दक्षिण किनारा गाळताय तर पुढच्या नाताळात गॉलसाठी तरी जा. पोर्तुगीजांनी सुरू केलेला, डचांनी १६४० मध्ये गॉल घेतल्यावर पक्का बांधलेला किल्ला, १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत. आत आजही लोक राहतात, शाळा-कोर्ट-मशीद सगळं चालू. तटावर बसून खालच्या मैदानातली कसोटी फुकट बघता येते. याच मैदानावर जुलै २०१० मध्ये मुरलीधरनने आठशेवा बळी घेतला, आपल्या प्रज्ञान ओझाचा, आणि कसोटीतून निवृत्त झाला. पुढे मातारा, जयसूर्याचं गाव. १९९६ चा वर्ल्ड कप आठवून आजही पोटात गोळा येतो.

कोलंबोत वेळ असेल तर राष्ट्रीय संग्रहालयात गॉलला १९११ मध्ये सापडलेला शिलालेख बघा. चिनी दर्यासारंग झेंग ह याने आणलेला, साल १४०९, चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत. चिनी मजकुरात बुद्धाची स्तुती, तमिळमध्ये विष्णूची, फारसीत अल्लाची. धंदा करावा तर असा.

निशिगंध७९

कोलंबोहून गॉलला जाणारी रेल्वेही घ्या, दुपारची रुहुणु कुमारी किंवा सकाळची कुठलीही. उजवी खिडकी धरायची, रूळ अक्षरशः लाटांना लागून आहेत. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया लागतं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीने याच मार्गावरची भरलेली गाडी तिथे उलथवली. हजाराहून जास्त माणसं गेली, रेल्वेच्या इतिहासात एवढा मोठा अपघात दुसरा नाही. रुळांशेजारी स्मारक आहे. डब्यातले फेरीवाले वडे विकत असतात, बोलणं चालू असतं, आणि तेवढ्या पट्ट्यात काही म्हातारे हात जोडतात. पूर्व किनाऱ्यालाही तेव्हा जबर तडाखा बसला होता. सुटकेच्या वाटांच्या पाट्या सगळीकडे आहेत. हॉटेलात पोचलात की उंच जागा कुठली ते एकदा विचारून ठेवा.

कोलंबोत_मुक्काम

निशिगंध, खरंय. माझ्या ऑफिसातल्या गॉलच्या माणसासमोर मी हा विषय काढत नाही.

सायलीताई, काही फुटकळ गोष्टी. भारतीय रुपयाला साधारण साडेतीन लंकन रुपये पडतात, पण सर्फिंगवाले डॉलरमध्ये भाव सांगतात. लंकन रुपयात विचारायचं आणि बोर्ड, रॅश गार्ड, शिकवणी धरून किती ते आधीच ठरवायचं. टुकटुकसाठी पिकमी नावाचं ॲप शहरात चालतं, अरुगम बेला तोंडीच ठरवा. स्कूटर भाड्याने घ्यायची तर नुसतं भारतीय लायसन्स चालत नाही, इथली परवानगी लागते, आणि पोलीस अडवतात. प्लगला चौकोनी तीन पिनांचा कन्व्हर्टर लागेल. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, सरकारी ईटीएच्या (प्रवासाच्या ऑनलाइन परवानगीच्या) साइटवरच बघा, नावाशी साधर्म्य असलेल्या दलालांच्या साइट पुष्कळ आहेत.

आणि समुद्रात रोवलेल्या खांबांवर बसून मासे धरणाऱ्या कोळ्यांचे फोटो काढायला कोग्गलाला जाणारे असतील त्यांच्यासाठी: आता तिथे मासे जवळजवळ कोणी धरत नाही, फोटोचे पैसे घेतात. त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. दिवसभर खांबावर बसून मिळणाऱ्या चिंगळ्यांपेक्षा तो धंदा बरा.

नाखवा_अलिबाग

+१. आमच्याकडेही होडीत बसून फोटो काढून घेतात आणि पैसे विचारले की तोंड वाकडं.

लाटांकित

अरुगम बेला असाल तर दक्षिणेला ओकंदाचं मुरुगन मंदिर बघून या. जाफन्याहून कतरगामाला पायी जाणारी यात्रा इथे येऊन थांबते आणि पुढे कुमना आणि याला या अभयारण्यांच्या जंगलातून जाते. साधारण जून-जुलैमध्ये जंगलाचं फाटक यात्रेकरूंसाठी उघडतात. मेमध्ये यात्रा मिळणार नाही, पण आषाढी जवळ आली की आपल्याकडे जशी वारी, तशीच ही, फक्त वाटेत बिबटे.

सायली_डोंबिवली

मंडळी, ठरलं. टूरवाल्याला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, "मॅडम, अरुगम बेला काही बघण्यासारखं नाही." नवऱ्याला ते फारच आवडलं. एक रात्र कोलंबो, मग कँडी, एल्ला, आणि बाकी सगळे दिवस अरुगम बे. लेकीने कालपासून हॉलमध्ये सतरंजीवर पॉप-अप सुरू केलेत, खालच्या काकू वर येऊन गेल्या. कोलंबोला पोचतो त्या रात्री पौर्णिमा आहे, काही अडचण?

कोलंबोत_मुक्काम

अडचण कसली, नशीब काढलंत! मेमधली पौर्णिमा म्हणजे वेसाक, आपली बुद्धपौर्णिमा. घरोघरी कागदी कंदील, चौकाचौकात दिव्यांचे देखावे, आणि रस्त्याकडेला दान्सल, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून फुकट जेवण, सरबत, आइस्क्रीम. संध्याकाळी चालतच बाहेर पडा, गाडी हलणार नाही. कँडीच्या गाडीचं आरक्षण मात्र आजच करा, सगळा देश त्या दिवसांत प्रवास करतो. दर पौर्णिमेला इथे सुट्टी असते. दारूविक्री बंद, खाटकांची दुकानंही बंद.

पावशेर

काय म्हणालात? दारूविक्री बंद?

कोलंबोत_मुक्काम

बंद. तांबडा नारळ मिळेल, थंबिली म्हणतात. चिकार आणि स्वस्त.

पावशेर

सायलीताई, तारीख दोन दिवस पुढे सरकवता येते का बघा. मी येत नाहीये, पण वाईट वाटतंय.